पाठ्यपुस्तक, रंगमंच आणि पडदा

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की इगतपुरी-घोटी परिसरातील मुले-मुली भिजत, छत्र्या सावरत महाविद्यालयात जाऊ लागतात. बी. ए. च्या मराठीला एखादे नाटक नेमलेले असते. नाटकाचे पुस्तक घ्यावे की गाईड घ्यावे, असा प्रश्न पडतो आणि पुष्कळदा गाईडच घेतले जाते. त्यात कथानक, प्रमुख पात्रे, संघर्ष, संवादांची भाषा अशी उत्तरे तयार असतात. ती पाठ केली की मार्क पडतात. नाटक मात्र पाहायचे राहून जाते.

मीही याच वाटेने शिकलो. आम्हांला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक होते. 'लीला बेणारे या पात्राचे स्वभावचित्र रेखाटा' या प्रश्नाचे उत्तर मी पाठ केले होते आणि मला चांगले गुण मिळाले. त्यानंतर काही वर्षांनी ते नाटक प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला, तेव्हा माझ्या लक्षात आले की आपल्याला या नाटकातले काहीच कळले नव्हते. सुरुवातीला दाराच्या कडीत बेणारेबाईंचे बोट सापडते. पुस्तकात ही साधी सूचना आहे, आणि वाचताना ती मी सहज ओलांडून गेलो होतो. पुढे खोटाखोटा खटला खरा होत जातो, बाईंना तेथून निघून जायचे असते, आणि तेच दार बाहेरून लागलेले असते. प्रेक्षागृहात हा प्रसंग आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी श्वास रोखला, आणि मीही. एका कडीत लेखकाने सगळे नाटक कसे आणून ठेवले आहे, हे गाईडमध्ये लिहिलेले नव्हते. लिहिलेले असते तरी पाठ करून कळले नसते.

महाविद्यालयीन अभ्यासाला नाटकाचा प्रयोग, गायन, चित्रपट यांची जोड कशी द्यावी, आणि त्यात आपल्या संस्थेसारखी मंडळी काय करू शकतील, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावतात हे आपल्याला नित्याचे आहे. गाडी तीच, रूळ तेच, पण मागून रेटा मिळाला म्हणजे चढ चढता येतो. अभ्यासक्रमाला प्रयोगाची जोड ही अशीच असावी.

ही गोष्ट आपल्याला नवीन नाही

कुणी म्हणेल की नाटक-सिनेमाची चैन शहरातल्या कॉलेजांना शोभते, आमच्या मुलांनी आधी पास व्हावे. ही शंका प्रामाणिक आहे. पण थोडे मागे वळून पाहिले तर वेगळेच दिसते. ज्यांना शाळेची दारे बंद होती, त्या समाजाचे पहिले शिक्षण पुष्कळसे ऐकून आणि पाहूनच झाले.

महात्मा फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर स्त्रीला ग्रहपीडेची भीती घालणारा जोशी, त्याच्या नादी लागून कर्ज काढणारे कुणबी जोडपे आणि मध्ये मध्ये प्रेक्षकांचे डोळे उघडणारा विदूषक, असा त्याचा विषय आहे. नाटकाचा शेवट फार महत्त्वाचा आहे. हे जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचे ठरवते. म्हणजे नाटक संपते तेथे शाळा सुरू होते. हे नाटक फुल्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले होते. कमिटीने ते स्वीकारले नाही. छापील रूपात ते लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. आज ते मराठीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते, पण 'आद्य नाटक कोणते' या वादातील एक मुद्दा म्हणूनच. वर्गात चार जणांनी उभे राहून त्याचा एक प्रवेश म्हटला, तर विदूषकाच्या वाक्यांवर आजही वर्ग हसेल, आणि हसता हसता विचारात पडेल.

पुढे सत्यशोधक जलसे आले आणि १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी जोर धरला. यात आपल्याच नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे १९७८ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. तमाशाचा साचा सर्वांना ठाऊक होता : गण, गवळण, बतावणी, वग. जलसाकारांनी साचा राखला आणि आतला माल बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी माणसाला साद घालणारा गण आला. बतावणीत चेष्टा राहिली, पण ती आता मुलाला शाळेत न घालणाऱ्या बापाची, मेलेले ढोर ओढण्याच्या रूढीची, अंधश्रद्धेची झाली. गाण्याची चाल ओळखीची, वाद्ये ओळखीची, त्यामुळे नवा विचार कानाला परका वाटला नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह (सुरुवात २ मार्च १९३०) असो की महाडचे चवदार तळे (२० मार्च १९२७), वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत ही वार्ता अशा गाण्यांतून पोचली. जलसा पाहून घरी गेलेला माणूस रात्री त्यावर बोलत असे आणि सकाळी मुलाला शाळेत धाडत असे. याहून चांगला 'अभ्यासपूरक उपक्रम' कोणता?

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) लहानपणी शाळेचे तोंड पाहू शकले नाहीत. मुंबईत मोठेपणी त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि पुढे आयुष्यभर गावोगाव गात फिरले. आज त्यांच्या कवितेवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात. जे गाणे वस्तीत रात्रभर गाइले गेले, तेच आता ग्रंथालयाच्या कपाटात आहे. ते पुन्हा गाऊन अभ्यासायचे की कपाटातच ठेवायचे, हे आपण ठरवायचे आहे.

मिलिंद महाविद्यालयाचा दाखला

महाविद्यालय आणि रंगमंच यांची सांगड कशी घालावी याचा एक ठळक दाखला आपल्याच चळवळीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. (औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) मिलिंद हे नावच बोलके आहे. राजा मिलिंदाने नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारावेत आणि नागसेनांनी दृष्टान्त देऊन उत्तरे द्यावीत, असा 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ आहे. प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडावा, ही अपेक्षा त्या नावातच होती.

या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि १९५५ च्या सुमारास ते महाविद्यालयात सादर झाले. निरनिराळ्या युगांत अस्पृश्यांच्या वाट्याला कोणते जिणे आले, हे दाखविणारे हे नाटक दलित रंगभूमीच्या इतिहासातील आरंभीचे महत्त्वाचे नाटक मानले जाते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, लिहिणारे प्राचार्य, व्यासपीठ कॉलेजचे आणि विषय इतिहासाचा. जो इतिहास तासाला शिकायचा, तोच संध्याकाळी तालमीत उभा करायचा. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला चार लोकांत उभे राहून मोठ्याने बोलायची सवय अशा तालमींतून लागते.

पुढे दलित रंगभूमीला चांगले नाटककार मिळाले. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आणि 'किरवंत' हे नाटक, दत्ता भगत यांचे 'वाटा पळवाटा', ही नावे मराठीच्या अभ्यासक्रमात आपल्याला भेटतात. 'घोटभर पाणी' करायला भारी नेपथ्य लागत नाही. वर्गातील बाके मागे सरकवली की रंगमंच तयार होतो.

आणि केवळ विद्यार्थीच कशाला? गो. पु. देशपांडे यांच्या 'सत्यशोधक' या फुल्यांवरील नाटकाचा प्रयोग २०१२ साली अतुल पेठे यांनी पुण्याच्या महानगरपालिकेतील सफाई कामगारांना घेऊन उभा केला. दिवसा झाडलोट करणाऱ्या माणसांनी तालमीत फुले समजून घेतले आणि रंगमंचावरून महाराष्ट्राला समजावून सांगितले. ज्यांच्यासाठी विचार मांडला गेला त्यांच्याच तोंडून तो ऐकताना प्रेक्षकांना त्याचे वजन कळले.

पडद्याचे जन्मस्थान जवळच आहे

चित्रपटाचेही तसेच. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. नाशिकला पांडवलेण्यांच्या, म्हणजेच त्रिरश्मी लेण्यांच्या, पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्ध स्मारक शेजारी शेजारी आहेत. एका सहलीत प्राचीन शिलालेख, बुद्धविहार आणि चित्रपटाचा इतिहास असे तिन्ही विषय होतात.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी लागला, हे आपण पाठ करतो. त्याआधीची गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी वाटाण्याचे बी कुंडीत लावले आणि रोज थोडे थोडे चित्रीकरण करून रोपाची वाढ पडद्यावर दाखविली. कित्येक दिवसांत होणारी वाढ प्रेक्षकांनी क्षणांत पाहिली. म्हणजे फाळक्यांच्या हातून पडद्यावर आधी आला तो वनस्पतिशास्त्राचा धडाच म्हणायचा. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटात फाळक्यांची ही धडपड गमतीने आणि आदराने दाखविली आहे. आज मोबाईलवर कोणीही विद्यार्थी हा प्रयोग स्वतः करून प्रकल्पाला जोडू शकेल.

चित्रपट 'वाचायला' शिकवण्याचे कामही आपल्या राज्यातच वाढले. पुण्यात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. आग्र्याला प्राध्यापकी करताना चित्रपट मंडळ चालविणारे सतीश बहादूर हे पुढे पुण्याच्या संस्थेत रसास्वादाचे प्राध्यापक झाले. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' ते तुकड्या-तुकड्याने, थांबवून, पुन्हा दाखवून शिकवीत. कवितेची ओळ फळ्यावर लिहून प्राध्यापक जसा एकेका शब्दावर थांबतो, तसेच हे.

कोणत्या विषयाला काय जोडावे?

पुढील नावे वानगीदाखल आहेत. प्राध्यापकांनी आपापल्या अभ्यासपत्रिकेनुसार यात भर घालावी.

मराठी : 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला. रंगमंचावर बेणारे साकारणाऱ्या सुलभा देशपांडे यांनीच त्यातही ती भूमिका केली. एकच कलावंत, एकच संहिता आणि दोन माध्यमे असल्यामुळे तुलनेसाठी ही जोडी उत्तम. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी (१९५९) आणि तिच्यावरील १९६३ चा चित्रपट, गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' आणि जब्बार पटेल यांचा १९७७ चा चित्रपट, याही जोड्या आहेत. 'जैत रे जैत' ठाकर समाजाविषयी आहे. आपल्या तालुक्यातील ठाकर विद्यार्थ्यांनी तो पाहून 'यात आमचे काय आले आणि काय राहिले' हे सांगितले, तर प्राध्यापकांनाही नवे शिकायला मिळेल.

इतिहास आणि राज्यशास्त्र : आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले' (१९५४) आणि जब्बार पटेल यांचा मामुट्टी यांची भूमिका असलेला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००). संविधान सभेवर श्याम बेनेगल यांनी केलेली 'संविधान' ही दहा भागांची मालिका २०१४ मध्ये राज्यसभा दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाली. राज्यशास्त्राच्या एका सत्राला ती पुरेशी आहे.

वाणिज्य आणि अर्थशास्त्र : बेनेगल यांचाच 'मंथन' (१९७६). गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन या चित्रपटाचे भांडवल उभे केले. सहकार म्हणजे काय हे चित्रपटाच्या कथेतही आहे आणि त्याच्या हिशेबातही.

समाजशास्त्र आणि मानसशास्त्र : नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). यांच्या जोडीला एक माहितीपट सुचवितो, कारण तो थेट आपल्या गावाशी जोडलेला आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना शिबिरे होत आली आहेत. स्टेशनवर उतरणारी देशोदेशीची माणसे आपण लहानपणापासून पाहतो. 'डूइंग टाइम, डूइंग विपश्यना' हा १९९७ चा माहितीपट, एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर बंद्यांसाठी झालेल्या शिबिराची हकीकत सांगतो. तुरुंग हा शिक्षेसाठी असतो की सुधारणेसाठी, हा समाजशास्त्राच्या पुस्तकातील प्रश्न तेथे माणसांचे चेहरे घेऊन समोर येतो. विपश्यना कोणी करावी की न करावी हा येथे मुद्दा नाही. आपल्या डोंगरावर जे शिकवले जाते त्याचे बाहेरच्या जगात काय होते, याचा अभ्यास व्हावा एवढाच हेतू आहे.

विज्ञान : तपन सिन्हा यांचा 'एक डॉक्टर की मौत' (१९९०). संशोधकाच्या वाटेत प्रयोगशाळेबाहेरचे कोणते अडथळे येतात, यावर चर्चा घडविण्यास हा चित्रपट चांगला.

आधी, पाहताना आणि नंतर

नुसता चित्रपट लावून दिवे घालवले म्हणजे अभ्यास होत नाही. तास मोकळा आहे म्हणून सिनेमा दाखविला, असे झाले तर विद्यार्थ्यांनाही ते कळते. म्हणून तीन पायऱ्या सांभाळाव्यात.

पहिली पायरी, आधी वाचणे. नाटक असेल तर वर्गात भूमिका वाटून मोठ्याने वाचावे. याला एक पैसाही लागत नाही. एकच पान एकदा रागाने, एकदा थट्टेने, एकदा घाबरत वाचून पाहावे. संहितेत 'थांबते' असे लिहिले असेल तर किती वेळ थांबायचे, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. असा वाद झालेला वर्ग नंतर प्रयोग पाहायला बसला की प्रत्येकाचे लक्ष त्या थांबण्यावर असते.

दुसरी पायरी, पाहताना एकच काम देणे. दहा प्रश्नांचा कागद हाती दिला तर मुले कागदच पाहतील. 'फँड्री' दाखविताना एवढेच सांगावे की शाळेच्या भिंतीवर कोणाची चित्रे आहेत ते पाहा. डुक्कर उचलून नेणारे कुटुंब त्या भिंतीवरील बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगे महाराज यांच्या चित्रांपुढून जाते. दिग्दर्शक तेथे एक शब्दही बोलत नाही. याच चित्रपटात डुकरामागे धावणाऱ्या घरच्यांना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहावे लागते. 'संविधानातील समता आणि सामाजिक वास्तव' हा दहा गुणांचा प्रश्न तेथे डोळ्यांपुढे उभा राहतो. 'कोर्ट'मध्ये एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. तेथे विद्यार्थ्यांना सांगावे की न्यायालयातील माणसे निघून गेल्यावर कॅमेरा काय करतो ते पाहा. तो जागचा हलत नाही, रिकामी होत जाणारी खोली पाहत राहतो. दिग्दर्शकाने असे का केले असेल, यावर अर्धा तास चर्चा सहज होते.

तिसरी पायरी, नंतर बोलणे आणि पडताळणे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच वेळेअभावी गाळली जाते. दोन तासांचा चित्रपट एका तासिकेत बसत नाही, म्हणून प्रदर्शन शनिवारी ठेवून सोमवारची तासिका केवळ चर्चेसाठी राखावी. त्या चर्चेत आधी विद्यार्थी बोलतील आणि प्राध्यापक शेवटी. नंतर प्रत्येकाने एक पान लिहावे.

पडताळणी यासाठी की चित्रपट म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. दिग्दर्शकाला तीन तासांत चाळीस वर्षे बसवावी लागतात. तो प्रसंग जोडतो, वगळतो, कधी दोन माणसांचे एक पात्र करतो. बाबासाहेबांवरील चित्रपटात महाडचा प्रसंग पाहिल्यावर त्याच सत्याग्रहाविषयी 'बहिष्कृत भारत'मध्ये काय लिहिले गेले ते वाचावे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले 'लेखन आणि भाषणे'चे खंड पाहावेत आणि दोहोंत काय फरक आहे ते मांडावे. आपल्या आदरणीय व्यक्तींवरील कलाकृतीही अशीच तपासून पाहावी. तपासण्याने आदर कमी होत नाही.

इगतपुरीच्या अडचणी आणि त्यांवर उपाय

येथवर वाचून कोणी विद्यार्थिनी म्हणेल, "सर, हे सगळे नाशिकला ठीक आहे. आमची शेवटची बस सहाला असते." तिचे म्हणणे खरे आहे. मोठी नाट्यगृहे नाशिकला. तेथील प्रयोग संपायला रात्र होते, पावसाळ्यात परतीचा भरवसा नसतो, आणि मुलीला उशीर होणार म्हटले की घरातून परवानगी मिळत नाही. तिकिटाचा आणि प्रवासाचा खर्च वेगळाच. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले आहे तेथे ही अडचण टाळता येत नाही, आणि तिच्यासाठी पालकांना दोष देणेही योग्य नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे प्रयोगच येथे आणणे आणि तो दिवसा ठेवणे. एकांकिका, अभिवाचन, पथनाट्य यांना सभागृह चालते. विहाराचा हॉल, शाळेचा मोठा वर्ग, समाजमंदिर यांत पडदा आणि प्रक्षेपक लावून चित्रपटही दाखविता येतो. वर्षातून एकदाच, पालकांना सोबत घेऊन, संस्थेने केलेल्या वाहनाने नाशिकला जावे. आई-वडील शेजारी बसून नाटक पाहतात तेव्हा घरची परवानगी पुढच्या वर्षी आपोआप मिळते.

येथे कायद्याची एक बाजू सर्वांनी समजून घ्यावी. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून कर्मचारी व विद्यार्थ्यांनी केलेल्या नाट्यप्रयोगाला, तसेच कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरत्याच मर्यादित चित्रपट प्रदर्शनाला सवलत आहे. मात्र आपल्या संस्थेने सर्व गावासाठी चित्रपट लावला किंवा नाटकाचा जाहीर प्रयोग केला, तर हक्कधारकाची अथवा नाटककाराची परवानगी घ्यावी लागते. ती जरूर घ्यावी आणि मानधनही द्यावे. लेखणीवर जगणाऱ्याचा घाम आपण बुडवू नये.

दुसरा उपाय म्हणजे जवळ जे आहे ते पाहणे. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात होळीनंतर बोहाडा होतो. मुखवटे लावून सोंगे नाचवली जातात, वाद्ये वाजतात, गाव जागते. ज्या विद्यार्थ्याचे चुलते त्यात सोंग नाचवतात, तो विद्यार्थी वर्गात 'लोकरंगभूमीची वैशिष्ट्ये' गाईडमधून पाठ करतो! त्याने मुखवटा कोण बनवतो, कोणते सोंग कोणत्या घराकडे आहे, त्यामागची कथा काय, हे चुलत्यांना विचारून लिहिले तर तो खरा अभ्यास होईल. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या (२०२०) चौकटीत क्षेत्रप्रकल्पांना आणि सह-अभ्यासक्रमाच्या उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्या जागेत असे प्रकल्प बसविण्याबद्दल विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांशी बोलावे.

गाण्यांच्या वह्या

आता सर्वांत निकडीची गोष्ट. आपल्या वस्त्यांतून एके काळी गायन पार्ट्या होत्या. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, लग्नाच्या आदल्या रात्री त्यांचे सामने रंगत. त्यांतील जुने गायक, ढोलकीवाले, कोरस धरणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे गाण्यांच्या वह्या आहेत. काही वह्या पत्र्याच्या पेटीत, काही उंदरांनी कुरतडलेल्या, काही रद्दीत गेलेल्या. चाल मात्र वहीत लिहिलेली नसते, ती गाणाऱ्याच्या गळ्यात असते. माणूस गेला की वही मुकी होते.

मराठीच्या, इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या वर्षी एवढे एकच काम हाती घ्यावे असे मला वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका वडीलधाऱ्या कलावंताकडे जावे. त्यांची परवानगी घेऊन गाणे ध्वनिमुद्रित करावे. सोबत त्यांचे नाव, गाव, गाणे कोणाचे, कोणाकडून शिकले, कोणत्या वर्षी कोठे गाइले, हे लिहून घ्यावे. वहीच्या पानांची छायाचित्रे काढून वही त्यांना परत द्यावी. नंतर महाविद्यालयात त्या कलावंतांना सन्मानाने बोलवावे, आणि ते गात असताना विद्यार्थ्यांनी त्या गाण्याची माहिती सांगावी. त्या दिवशी वर्गात शिकवणारे आपले आजोबा असतील, आणि पुस्तकात जे नाही ते आपल्या घरात आहे हे विद्यार्थ्याला कळेल. न्यूनगंड घालवायला यापेक्षा चांगले औषध मला माहीत नाही.

वर्षाचा साधा आराखडा

संस्थेने महाविद्यालयाशी बोलून पुढीलप्रमाणे वर्ष आखावे. जुलैत नेमलेल्या नाटकाचे अभिवाचन. १ ऑगस्ट या अण्णा भाऊ साठे जयंतीला 'फकिरा'चे वाचन व चित्रपट. ५ नोव्हेंबर या मराठी रंगभूमी दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांची एकांकिका. २६ नोव्हेंबर या संविधान दिनी 'संविधान' मालिकेचा एक भाग आणि चर्चा. ३ जानेवारी या सावित्रीबाई फुले जयंतीला 'तृतीय रत्न'मधील प्रवेश. २७ फेब्रुवारी या मराठी भाषा गौरव दिनी गायन पार्टीच्या कलावंतांचा सत्कार व वह्यांचे प्रदर्शन. सहा कार्यक्रम, आणि तेही परीक्षांच्या आधी. संस्थेने नेमलेल्या नाटकांच्या पाच-पाच प्रती विकत घेऊन ठेवल्या तर गाईडची गरज निम्म्याने कमी होईल.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा द्यायचीच आहे, गुण मिळवायचेच आहेत. पण उत्तरपत्रिकेत तुम्ही स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट लिहा. दाराची ती कडी, भिंतीवरची ती चित्रे किंवा आजोबांच्या वहीतले पान. तपासणारा तेथे क्षणभर थांबेल. आणि समाजबांधवांना विनंती अशी की, मुलगा-मुलगी नाटकाच्या तालमीला थांबली तर "अभ्यास सोडून काय करतेस?" असे विचारण्याआधी एकदा तालीम पाहायला या. कंदिलाच्या उजेडात ज्यांनी जलसा ऐकला आणि सकाळी मुलांना शाळेत धाडले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांकडून एवढी अपेक्षा ठेवणे वावगे होणार नाही.